राउटरवर कस्टम फर्मवेअर टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे राउटर फ्लॅश करून (म्हणजे आतलं सॉफ्टवेअर बदलून) देता देता तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी सगळे एका जागी लिहून काढले. यातले निम्मे प्रश्न लोक फ्लॅश मारून झाल्यावर विचारतात, तेच आदल्या दिवशी विचारले असते तर राउटर वाचला असता. म्हणून विनंती एवढीच की घाई असली तरी प्रश्न ४ आणि ७ वाचल्याशिवाय फाईल अपलोड करू नका.

१. कस्टम फर्मवेअर म्हणजे नक्की काय? राउटरमध्ये सॉफ्टवेअर असतं का मुळात?

असतं. राउटर हा एक छोटा कॉम्प्युटरच आहे, प्रोसेसर आहे, रॅम आहे, हार्डडिस्कच्या जागी एक फ्लॅश चिप आहे आणि बहुतेक राउटरांत आतमध्ये लिनक्सच चालत असतं. कंपनीने जे भरून दिलंय ते स्टॉक फर्मवेअर, ते काढून आपण दुसरं टाकलं की ते कस्टम. ही सगळी गोष्ट सुरू झाली लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी नावाच्या राउटरपासून, तो २००२ च्या शेवटी आला, लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे आणि लिनक्सचं लायसन्स म्हणतं की सोर्स कोड द्यायलाच हवा, मग २००३ मध्ये कंपनीला कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी प्रोजेक्ट उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी त्या जुन्या राउटरचंच आहे.

२. टाकून मला काय मिळणार? वायफायची रेंज वाढते का?

रेंज वाढत नाही. हे आधीच सांगतो कारण दहातले सात जण त्यासाठीच येतात. अँटेना तीच, रेडिओ चिप तीच, भिंती त्याच. कुठे कुठे ड्रायव्हर चांगला असल्यामुळे कनेक्शन जास्त टिकतं पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मिळतं ते वेगळं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अपडेट. कंपनी दोन-तीन वर्षांत जुन्या मॉडेलकडे बघणं सोडून देते आणि राउटर मात्र पुढे सात-आठ वर्षं घरात चालू असतो, चोवीस तास, थेट इंटरनेटला जोडलेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधला, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतीतला, क्रॅक नावाचा दोष बाहेर आला तेव्हा कितीतरी राउटरांना कंपनीकडून दुरुस्ती आलीच नाही. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर सापडला, ५४ देशांत मिळून किमान ५ लाख डिव्हाइस त्याने धरली होती आणि त्यात घरगुती राउटर भरपूर होते. माझ्यासाठी कस्टम फर्मवेअर टाकायचं हे एकच कारण पुरेसं आहे. त्याशिवाय मग पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, स्मार्ट बल्ब आणि कॅमेरे वेगळ्या कप्प्यात ठेवणं, घरभर जाहिराती अडवणं, राउटरवरच वायरगार्ड व्हीपीएन आणि एसक्यूएम म्हणजे पॅकेटांची रांग आवरणारी सोय, एसक्यूएमबद्दल प्रश्न १६ बघा.

३. ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी, फ्रेशटोमॅटो, मर्लिन... यातलं कुठलं घेऊ?

हे बऱ्याचदा तुमचा राउटरच ठरवतो, तुम्ही नाही. आत ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वायफाय नीट चालण्याची शक्यता कमी, कारण त्या चिपचे चांगले खुले ड्रायव्हर नाहीत, मग तिथे फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी. असूसचा राउटर असेल आणि यादीत बसत असेल तर असूसडब्ल्यूआरटी-मर्लिन घ्या, ते कंपनीच्याच फर्मवेअरवर बेतलेलं आहे, कंपनीचे ड्रायव्हर तसेच राहतात, स्पीड पडत नाही आणि स्टॉकवर परत येणं पण सोपं, पहिल्यांदा करणाऱ्याला यापेक्षा सुरक्षित सुरुवात नाही. मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉसची चिप असेल तर डोळे मिटून ओपनडब्ल्यूआरटी. मी स्वतः तेच वापरतो आणि खालची बरीचशी उत्तरं त्यालाच धरून आहेत.

४. माझ्या राउटरवर चालेल की नाही हे कसं ओळखायचं?

राउटर उलटा करा. खाली जे स्टिकर आहे त्यावर मॉडेल नंबर असतो आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत व्हर्जन असतं, व्ही१, व्ही२, व्ही३.२ असं काहीतरी. लोक मॉडेल नंबर बघतात आणि व्हर्जन सोडून देतात आणि तिथेच घात होतो. कंपन्या त्याच नावाखाली, त्याच खोक्यात, आतलं सगळं बदलतात. व्ही२ मध्ये अथेरॉस, व्ही४ मध्ये मीडियाटेक, व्ही५ मध्ये फ्लॅश निम्मी, बाहेरून जुळ्या भावांसारखे आणि आतून एकमेकांशी काही संबंध नाही. मी स्वतः एकदा याच्यात फसलोय, खोक्यावरचं व्हर्जन वाचून फाईल काढली आणि राउटर मात्र वॉरंटीत बदलून आलेला होता, म्हणजे खोकं जुनं आणि आतला डबा नवीन व्हर्जनचा. दोन रात्री गेल्या तो परत उठवायला. तेव्हापासून नियम, खोकं नाही, बिल नाही, फक्त राउटरच्या अंगावरचं स्टिकर.

स्टिकर वाचून झालं की ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवरच्या हार्डवेअर यादीत नेमकं ते मॉडेल आणि ते व्हर्जन शोधा. सापडलं तर त्याचं पान पूर्ण वाचा, कारण 'सपोर्टेड' लिहिलेलं असलं तरी खाली एका ओळीत '५ गिगाहर्ट्झ चालत नाही' असं पण लिहिलेलं असू शकतं. यादीत तुमचं व्हर्जन नाही पण शेजारचं आहे? मग नाही चालत असंच धरा. 'जवळपास तेच आहे' म्हणून शेजारच्या व्हर्जनची फाईल टाकणं हे मी पाहिलेल्या मेलेल्या राउटरांचं एक नंबरचं कारण आहे.

नंतर फ्लॅश आणि रॅम. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाले जुने राउटर ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ नंतर अधिकृतपणे सुटले, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. ८ आणि ६४ वर चालतं पण कोंडमारा होतो, प्रश्न १९ तिथूनच येतो. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर निवांत. नवीन राउटर घेणारच असाल तर आधी यादी बघा आणि मग राउटर निवडा, उलटं नको.

५. नेट कंपनीने दिलेल्या डब्यावर टाकता येईल का?

बहुतेक वेळा नाही आणि प्रयत्नही करू नका. फायबरची तार थेट ज्यात जाते तो डबा नुसता राउटर नसतो, प्रकाशाचा सिग्नल पकडणारा भाग पण त्यातच असतो आणि कंपनी त्याला दुरून कंट्रोल करते, शिवाय तो डबा बऱ्याचदा तुमच्या मालकीचाही नसतो. तो बिघडला तर नेटच बंद. त्यापेक्षा त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसतं नेट पुढे देतो) टाकायला सांगा किंवा तसाच राहू द्या आणि त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावा, त्यावर हवं ते करा. मागे लावताना दोघांचा आयपी पत्ता भांडतो त्याबद्दल प्रश्न ११.

६. वॉरंटी जाते का? आणि हे कायदेशीर आहे का?

वॉरंटीचं, गेली असंच समजून चाला. कंपनीनुसार आणि देशानुसार नियम बदलतात पण फ्लॅश करताना मेलेला राउटर बदलून मिळेल या आशेवर कोणी फ्लॅश करू नये. स्वतःच्या राउटरवरचं सॉफ्टवेअर बदलण्याला सहसा अडचण नसते, अडचण असते ती रेडिओची, म्हणजे ठरवून दिलेल्या पॉवर आणि चॅनलच्या बाहेर जाण्याची. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांमुळे २०१५ च्या सुमाराला कंपन्या कस्टम फर्मवेअर पूर्ण बंद करतील अशी भीती पसरली होती, मग ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकबरोबर झालेल्या तडजोडीत कंपनीने उलट खुल्या फर्मवेअरला वाट द्यायचं कबूल केलं. रेडिओचं सविस्तर प्रश्न १७ मध्ये.

७. फ्लॅश मारायच्या आधी काय काय तयारी करू?

पहिलं म्हणजे परतीची वाट. हा राउटर बिघडला तर कुठल्या पद्धतीने उठतो हे त्याच्या पानावर लिहिलेलं असतं, टीएफटीपी का, बूटलोडरचं स्वतःचं वेबपेज का, का फक्त खोलून सिरीयल केबल लावून (हे शब्द प्रश्न १२ ते १४ मध्ये उलगडलेत). 'फक्त सिरीयल' असेल आणि ती केबल तुमच्याकडे नसेल तर आज फ्लॅश करू नका, खरंच. आधी केबल आणा.

मग स्टॉक फर्मवेअरची फाईल, अगदी तुमच्याच व्हर्जनची, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. कस्टमची फाईल पण आणि त्या मॉडेलच्या सूचनांचं पान पण सेव्ह करून ठेवा, कारण ऐन वेळी नेटच नसणार, जो राउटर नेट देतो तोच आपण बंद पाडलाय हे लोक विसरतात.

आता जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटची माहिती लिहून काढा. पीपीपीओई (लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) असेल तर युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन नंबर (नेट कंपनीने लाईनला दिलेला टॅग) असेल तर तो आणि वॅन पोर्टचा, म्हणजे जिथे बाहेरून नेटची तार येते त्याचा, मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळख नंबर). पासवर्ड ठिपक्यांत दिसतो आणि कोणाला आठवत नसतो, तो कंपनीकडून आधी मागून घ्या. व्हीलॅन नंबर विसरलात तर सगळं बरोबर असून नेट येणार नाही आणि तुम्ही फर्मवेअरला दोष देत बसाल. मॅक पत्ता अशासाठी की काही कंपन्या ओळखीच्याच मॅकला नेट देतात, नवीन फर्मवेअरमध्ये तोच घातला की झालं.

आणि एक लॅन केबल, वायफायवरून फ्लॅश करायचं नाही. लाईट जायची धास्ती असेल तर राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर.

८. डाउनलोडच्या पानावर तीन-चार फाईली दिसतात. फॅक्टरी, सिसअपग्रेड, अजून काय काय. कुठली घेऊ?

स्टॉकवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरी. ओपनडब्ल्यूआरटी आधीच आहे आणि त्याचीच नवीन आवृत्ती टाकायची तर सिसअपग्रेड. उलटसुलट केलं तर नशीब चांगलं असेल तर राउटर फाईल नाकारतो, नसेल तर प्रश्न १२. इनिटरॅमएफएस नावाची फाईल असते ती नुसती रॅममध्ये चालते, बंद केलं की गेली, काही मॉडेलांवर आधी ती चालवून मग तिच्यातून सिसअपग्रेड टाकायची असते. तसं तुमच्या मॉडेलच्या पानावर लिहिलं असेल तरच तिच्या वाटेला जा.

फाईल उतरवल्यावर एसएचए२५६ चेकसम (फाईलच्या बोटांचा ठसाच म्हणा) जुळवून बघा. एक मिनिटाचं काम आहे आणि अर्धवट उतरलेली फाईल तिथेच पकडली जाते.

९. प्रत्यक्ष फ्लॅश कसं करायचं ते पायरीपायरीने सांगा ना

सरळ वाटेचं मॉडेल असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. कॉम्प्युटरचं वायफाय बंद करा, केबल राउटरच्या लॅन पोर्टात, वॅनमध्ये नाही, वॅनची तार काढून ठेवा. स्टॉकच्या पानावर लॉगिन करून आधी फॅक्टरी रिसेट मारा म्हणजे जुना कचरा राहत नाही, मग फर्मवेअर अपग्रेडचं पान, फॅक्टरी फाईल निवडा, अपलोड. काही स्टॉक फर्मवेअर फाईलचं नाव लांब असलं की नाकारतात, तेव्हा छोटं नाव देऊन बघा.

आता हात बांधून बसायचं. पट्टी शंभर टक्क्यावर गेली तरी, पान अडकलं तरी, दिवे विचित्र लुकलुकले तरी पाच मिनिटं काहीही करायचं नाही. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या राउटरांपैकी कितीतरी जिवंतच होते, चौथ्या मिनिटाला घाबरून कोणीतरी प्लग काढला म्हणून गेले. दिवा स्थिर झाला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, युजर रूट, पासवर्ड रिकामा, आत गेल्यावर पहिलं काम पासवर्ड घालणं. वॅनची तार त्यानंतर.

१०. फ्लॅश झालं पण वायफाय दिसतच नाही, राउटर मेला का?

नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वायफाय सुरुवातीला मुद्दाम बंद असतं, पासवर्ड नसलेलं नेटवर्क हवेत जाऊ नये म्हणून. केबलने आत जा, वायरलेसच्या पानावर नाव, पासवर्ड आणि देश घाला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा किंवा डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र, मग चालू करा. एखादं जुनं डिव्हाइस एकत्र मोडमध्ये जोडलं जात नसेल तर नुसतं डब्ल्यूपीए२.

११. १९२.१६८.१.१ उघडतच नाही. दिवे तर बरोबर लागलेत

तीन-चार कारणं असतात. एक, ब्राउझरला जुन्या राउटरचं एचटीटीपीएस आठवतंय, प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. दोन, तुम्ही स्नॅपशॉट बिल्ड म्हणजे अजून चाचणीत असलेली आवृत्ती टाकलीय, त्यात लुसी म्हणजे वेबपेजच नसतं, एसएसएचने (कमांड टाईप करून) आत जाऊन ते वेगळं टाकावं लागतं, पहिल्यांदा करणाऱ्याने स्टेबल आवृत्तीच घ्यावी ती यासाठी. तीन, कॉम्प्युटरवर आधी हाताने घातलेला आयपी तसाच राहिलाय, ऑटोमॅटिक करा.

चौथं जरा चकवणारं आहे. नेट कंपनीच्या डब्याचा पत्ता पण १९२.१६८.१.१ आणि तुमच्या नवीन राउटरचाही तोच. केबल वॅनमध्ये लावली की दोन्ही बाजूला एकच नेटवर्क होतं आणि राउटरला कळेना की पॅकेट कुठे पाठवायचं, मग कधी पान उघडतं कधी नाही, नेट तर नाहीच. वॅनची तार काढा, आत जाऊन लॅनचा पत्ता १९२.१६८.५.१ असा काहीतरी वेगळा करा, सेव्ह करून नव्वद सेकंदांच्या आत नव्या पत्त्यावर लॉगिन करा नाहीतर लुसी बदल मागे घेते, तुम्ही स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून ती सोय आहे.

१२. राउटर ब्रिक झाला. आता काय, फेकून देऊ?

थांबा. 'ब्रिक' म्हणजे वीट झाली असं लोक म्हणतात पण बहुतेक विटा कच्च्या असतात. दिवे काय करतायत ते आधी बघा.

राउटर सुरू होतो, दिवे लागतात, पण आत जाता येत नाही: म्हणजे फर्मवेअर ठीक आहे, सेटिंग बिघडलंय. यावर फेलसेफ मोड. राउटर चालू करा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की रिसेट बटण दाबा, दिवा आणखी जोरात लुकलुकला की तुम्ही आत आलात. कॉम्प्युटरला हाताने १९२.१६८.१.२ द्या कारण या मोडमध्ये आपोआप पत्ता मिळत नाही, एसएसएचने १९२.१६८.१.१ ला जोडा, पासवर्ड लागत नाही, फर्स्टबूट कमांड मारा, रीबूट, सगळं कोरं.

राउटर परत परत सुरू होऊन बंद होतोय किंवा एकच दिवा अडकलाय: फर्मवेअर खराब आहे पण बूटलोडर जिवंत आहे. बूटलोडर म्हणजे सगळ्यात आधी उठणारा छोटा प्रोग्राम, आपण फ्लॅश करतो तेव्हा त्याला सहसा हात लागत नाही आणि म्हणूनच राउटर वाचतात. इथे टीएफटीपी, पुढचा प्रश्न.

काहीच दिवा नाही: आधी अडॅप्टर बदलून बघा. हसू नका, दोनदा असं झालंय की राउटर ठणठणीत आणि अडॅप्टर गेलेला. तरी काही नाही तर सिरीयल, प्रश्न १४.

१३. टीएफटीपीने करून बघितलं, राउटर फाईल घेतच नाही

टीएफटीपीत राउटर उठता उठता काही सेकंद केबलवर फाईल शोधतो आणि नाही मिळाली की पुढे जातो. तो काय शोधतो आणि कुठे शोधतो हे मॉडेलवर आहे. बऱ्याच टीपी-लिंक मॉडेलांत कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो आणि फाईलचं नाव अक्षर न अक्षर त्याला हवं तसंच लागतं, एक अक्षर चुकलं की तो बघतही नाही. काही कंपन्यांत उलटं असतं, राउटर वाट बघतो आणि आपण फाईल ढकलायची. नेटगियरच्या बऱ्याच मॉडेलांसाठी एनएमआरपीफ्लॅश नावाचं छोटं टूल आहे ते जास्त सोपं पडतं.

घेत नसेल तर पहिला संशय कॉम्प्युटरच्या फायरवॉलवर, पूर्ण बंद करून बघा. दुसरा, राउटर चालू-बंद होताना कॉम्प्युटरचं लॅन कार्ड 'केबल निघाली' समजतं आणि परत जागं होईपर्यंत राउटरचे ते काही सेकंद निघून जातात, त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक साधा स्विच लावा, स्विच चालूच राहतो त्यामुळे कॉम्प्युटरला केबल कायम जोडलेली दिसते. या एका गोष्टीने मी कितीतरी 'अशक्य' राउटर उठवलेत. तिसरं, बटण पॉवर देण्याच्या आधीपासून दाबून ठेवायचं आणि दिवा बदलेपर्यंत सोडायचं नाही.

१४. सिरीयल केबल लावायची म्हणजे काय? राउटर खोलायचा?

हो. आत बोर्डवर सहसा चार टोकं असतात, त्यांना यूएसबी-टू-सिरीयल अडॅप्टर जोडला की बूटलोडर काय बोलतोय ते स्क्रीनवर दिसतं आणि त्याला थांबवता येतं. अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच हवा, ५ व्होल्टचा लावला तर आता खरोखरची वीट होईल. फक्त तीन तारा जोडायच्या, ग्राउंड ग्राउंडला, आरएक्स टीएक्सला, टीएक्स आरएक्सला, व्हीसीसीची तार सोडून द्यायची कारण राउटर त्याच्या अडॅप्टरवर चालतो. वेग बहुतेक ठिकाणी ११५२००. सोल्डरिंग कधी केलं नसेल तर हा राउटर पहिला धडा करू नका, हात बसलेल्या माणसाकडे द्या.

१५. रिसेट बटण दाबून ठेवलं की कंपनीचं जुनं फर्मवेअर परत येईल ना?

नाही येणार. ओपनडब्ल्यूआरटी फ्लॅशवर दोन थरांत असतं, खाली न बदलणारा मूळ थर आणि वर तुमची सेटिंगं आणि नंतर टाकलेली पॅकेजं म्हणजे जोडीची सॉफ्टवेअरं. रिसेट फक्त वरचा थर पुसतो, खालचं ओपनडब्ल्यूआरटी तसंच राहतं. कंपनीचं हवं असेल तर त्याची फाईल परत फ्लॅश करावी लागते, म्हणून प्रश्न ७ मध्ये ती आधीच उतरवायला सांगितली. काही मॉडेलांत स्टॉक फाईलचा सुरुवातीचा बूटलोडरचा तुकडा कापून मग टाकावा लागतो, ते न करता टाकलं तर राउटर जातो, त्यामुळे इथेही मॉडेलचं पान.

एक अपवाद. लिंकसिसच्या काही मॉडेलांत फर्मवेअरच्या दोन जागा असतात, एकात नवीन आणि दुसऱ्यात जुनं. राउटर चालू करून उठायच्या आत बंद करायचा, असं लागोपाठ तीनदा, की तो दुसऱ्या जागेवरून उठतो.

१६. कस्टम टाकल्यावर स्पीड कमी झाला! आधी पूर्ण मिळायचा

कंपनीचं फर्मवेअर चिपमधल्या एका खास भागाकडून पॅकेट पुढे ढकलून घेतं, प्रोसेसरला त्रासच होत नाही. खुल्या फर्मवेअरमध्ये तो भाग सगळ्या चिपवर वापरता येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि जलद कनेक्शनवर तो दमतो. फायरवॉलच्या पानावर फ्लो ऑफलोडिंग असतं ते चालू करा, हार्डवेअरचा पर्याय दिसत असेल तर तोही. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपवर यानेच काम होतं.

पण तुम्ही एसक्यूएम चालू केलं असेल तर गोष्ट वेगळी, ते दोन्ही एकत्र नांदत नाहीत कारण एसक्यूएमला प्रत्येक पॅकेट प्रोसेसरने बघायला हवं असतं. एसक्यूएम कशासाठी? घरात कोणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावला की तुमचा कॉल तुटायला लागतो, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) वीस मिलिसेकंदांवरून पाचशेवर जातो, याला बफरब्लोट म्हणतात, राउटर आणि मोडेममध्ये पॅकेटांची लांब रांग लागते आणि कॉलचं छोटं पॅकेट रांगेत शेवटी उभं राहतं. एसक्यूएममध्ये केक नावाची पद्धत निवडायची आणि स्पीड मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९५ टक्के घालायचा, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते. थोडा स्पीड जातो पण घरातलं भांडण थांबतं. माझं मत विचाराल तर १०० एमबीपीएसच्या आसपासच्या लाईनला एसक्यूएम लावाच, गिगाबिटला प्रोसेसर दणकट असेल तरच.

१७. देश बदलून पॉवर वाढवता येते असं ऐकलं. करू का?

करू नका. देशाचा कोड म्हणजे तुमच्या इथे कुठले चॅनल आणि किती पॉवर चालते याचा नियम. तो खोटा टाकणं बेकायदेशीर आहेच, शिवाय उपयोगही नसतो, कारण राउटरचा आवाज वाढवला तरी तुमच्या फोनचा आवाज तेवढाच राहतो, फोनला पूर्ण रेंज दिसते आणि राउटरला फोन ऐकूच येत नाही. रेंजचं खरं उत्तर दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे लांबच्या खोलीत वायफाय देणारा आणखी एक डबा.

याच्याशीच जोडलेला एक प्रश्न, ५ गिगाहर्ट्झ चालू केलं की एक मिनिट दिसतच नाही. ते बरोबर आहे, ५२ ते १४४ मधले चॅनल बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात, त्यामुळे राउटर आधी ६० सेकंद कान देऊन ऐकतो, युरोपात हवामान रडारच्या चॅनलवर तर दहा मिनिटं. नको असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनल घ्या.

१८. अपडेट आपोआप होतात का? आणि अपडेट करताना सेटिंग जातं का?

आपोआप होत नाहीत, हे तुमच्या अंगावर आहे आणि नाही केलंत तर प्रश्न २ मधलं पहिलं कारणच संपलं. सिसअपग्रेड फाईल टाकताना 'सेटिंग ठेवा' वर टिक असते, सेटिंग राहतं, पण नंतर टाकलेली पॅकेजं जातात, ती परत टाकावी लागतात. अटेंडेड सिसअपग्रेड नावाचं टूल वापरलं तर ते तुमच्या पॅकेजांसकट फाईल बनवून देतं, मी हल्ली तेच करतो.

१९.०७ वरून २१.०२ किंवा पुढे उडी मारत असाल तर जपून, मध्ये स्विचची पूर्ण रचना बदलली आणि बऱ्याच राउटरांवर जुनं सेटिंग चालत नाही. तेव्हा 'कॉन्फिग जुळत नाही' असा इशारा येतो, त्याला जबरदस्तीने ओलांडायचं तर सेटिंग न ठेवताच. आणि एक, सगळी पॅकेजं एकेक करून अपग्रेड करायची सवय कॉम्प्युटरवरून इथे आणू नका, त्याने जागा पण संपते आणि राउटर पण अडकतो. २४.१० पर्यंत पॅकेजांसाठी ओपीकेजी होतं, त्यानंतर एपीके आलं, त्यामुळे जुन्या सूचनांतल्या कमांड चालल्या नाहीत तर गोंधळू नका.

१९. जागा संपली. आधीपासून असलेली पॅकेजं काढली तरी जागा वाढत नाही, असं का?

कारण ती खालच्या न बदलणाऱ्या थरात आहेत, प्रश्न १५ बघा. काढलं म्हणजे वरच्या थरात 'हे दाखवू नको' अशी खूण झाली, जागा उलट थोडी कमीच होते. उपाय दोन, यूएसबी पोर्ट असेल तर एक्सरूट करून पेनड्राईव्हवर जागा वाढवा, नाहीतर ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवरच्या फर्मवेअर सिलेक्टरमध्ये नको ती पॅकेजं वगळून स्वतःची फाईल बनवून घ्या. जागा पूर्ण भरून राउटर विचित्र वागायला लागला असेल तर फेलसेफमधून फर्स्टबूट.

२०. फ्लॅशनंतर वायफाय आहे पण खोलीच्या बाहेर जातच नाही आणि मॅक पत्ता पण विचित्र दिसतोय

हे वाईट आहे. प्रत्येक राउटरच्या रेडिओचं फॅक्टरीत मोजमाप करून ते फ्लॅशच्या एका छोट्या कप्प्यात लिहिलेलं असतं, कुठे त्या कप्प्याला एआरटी म्हणतात कुठे फॅक्टरी. मॅक पत्ते पण सहसा तिथेच. चुकीच्या फाईलने किंवा पूर्ण फ्लॅश पुसल्याने तो कप्पा गेला की रेडिओ आंधळा होतो. दुसऱ्याच्या राउटरमधला कप्पा आणून टाकला तर वायफाय चालतं पण नीट नाही, कारण ते मोजमाप त्या एका डब्यापुरतं असतं, आणि मॅक पत्ता पण त्याचाच येतो. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी टाकल्या टाकल्या लुसीच्या बॅकअप पानावरून एमटीडीच्या (म्हणजे फ्लॅशच्या) कप्प्यांची, निदान या एका कप्प्याची, कॉपी उतरवून राउटरच्या नावासकट कुठेतरी जपून ठेवा. काही केबींचीच असते.

२१. स्टॉकने फाईल नाकारली, 'अवैध फर्मवेअर' म्हणतो. व्हर्जन तर बरोबर आहे

नवीन स्टॉक आवृत्त्यांत कंपन्या सही तपासायला लागल्यात, जुन्या आवृत्तीत तपासत नव्हत्या. म्हणूनच फ्लॅश करायच्या आधी 'चला स्टॉक पण अपडेट करून घेऊ' असं करू नका, मॉडेलचं पान सांगत असेल तरच करा. आता झालंच असेल तर जुनी स्टॉक आवृत्ती टाकता येते का बघा, तीही नाकारली तर टीएफटीपी, तिथे बऱ्याचदा ही तपासणी नसते. काही राउटरांत वेगवेगळ्या देशांसाठी वेगळी फाईल असते, तेही बघून घ्या.

२२. एकाच मॉडेलचे दोन राउटर आहेत. एकाचा सेटिंग बॅकअप दुसऱ्यावर टाकला तर चालेल?

व्हर्जन आणि ओपनडब्ल्यूआरटीची आवृत्ती दोन्ही तीच असेल तर टाकता येतो, पण टाकल्यावर लगेच दोन गोष्टी बदला. लॅनचा आयपी पत्ता, नाहीतर प्रश्न ११ सारखं भांडण घरातल्या घरात होईल, आणि नेटवर्कच्या फाईलमध्ये मॅक पत्ता लिहिलेला असेल तर तो, कारण काही मॉडेलांत तो बॅकअपबरोबर येतो आणि एकाच घरात एकाच मॅकचे दोन राउटर झाले की नेट मध्येच येतं मध्येच जातं आणि कारण सापडत नाही. दुसरा नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणार असाल तर त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये जोडा.